पावसाळ्यात निगेटिव्ह पातळ येते, सावल्या कोऱ्या जातात: कॅमेरा उघडायच्या आधी हे तपासा

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की माझ्याकडे एकाच प्रकारच्या निगेटिव्ह यायला लागतात. कोणीतरी येऊरला, पारसिक हिलला नाहीतर खारघरच्या डोंगराकडे ब्लॅक अँड व्हाइट रोल घेऊन जातं, एका हातात छत्री धरून मन लावून छत्तीस फोटो काढतं, आणि रोल धुतला की झाडाखालचा सगळा भाग काचेसारखा आरपार. मी ठाण्यात घरीच रोल धुते, ओळखीच्यांचेही धुऊन देते, त्यामुळे हीच तक्रार इतक्या वेळा हातात आली आहे की आता निगेटिव्ह अजून ओली असतानाच अंदाज येतो कुठे चुकलं असेल. आणि जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच, "ताई, कॅमेरा गेला वाटतं." दहातले आठ-नऊ वेळा कॅमेरा गेलेला नसतो, म्हणून हे सविस्तर लिहिते, म्हणजे रिपेअरिंगवाल्याकडे जायच्या आधी घरच्या घरी काय बघायचं ते कळेल.

आधी लक्षणं

निगेटिव्ह उजेडात धरली की एकूणच फिकी दिसते, यालाच पातळ निगेटिव्ह म्हणतात. आभाळ तेवढं गडद येतं, पण झाडांची खोडं, दगडांच्या कपारी, घरांच्या ओसऱ्या, जिथे जिथे काळोख होता तिथे फिल्म पूर्ण कोरी. स्कॅन केल्यावर काळा भाग मेल्यासारखा दिसतो आणि उजळवायला गेलं की त्यातून डिटेल न येता नुसते दाणे आणि पट्टे वर येतात. त्याच कॅमेऱ्याने जानेवारीत काढलेले फोटो मात्र ठीक असतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अजून एक बघायचं, सगळा रोल सारखाच पातळ आहे का काही फ्रेम पातळ आणि काही चांगल्या आहेत. सगळा रोल सारखा पातळ असेल तर सेटिंग, सेल नाहीतर डेव्हलपर (रोल धुताना चित्र उमटवणारं रसायन). काही फ्रेमच पातळ असतील तर उजेड मोजणारा मीटर कुठे धरला, फिल्टर कुठला होता, वेळ किती दिला, हे प्रश्न. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धा शोध संपतो.

आता सगळ्यात सोपं आणि फुकटातलं आधी.

१. स्कॅन बंद करा, निगेटिव्ह हातात घ्या

स्कॅनर स्वतःच्या मनाने फोटो उजळ-गडद करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडला ते, स्कॅनवरून ठरवू नका. फोनवर पांढरी स्क्रीन लावा, ब्राइटनेस पूर्ण करा, त्यावर थोडं अंतर ठेवून निगेटिव्ह धरा. पहिल्यांदा चित्राकडे न बघता कडेकडे बघा, जिथे फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ही अक्षरं कारखान्यातच एक्स्पोज झालेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही, ती किती गडद येणार हे धुण्यावर ठरतं. अक्षरं चांगली काळी ठसठशीत आहेत आणि चित्र पातळ आहे, तर धुणं बरोबर झालंय आणि एक्स्पोजर कमी पडलंय. अक्षरंही फिकी, चित्रही फिकं, तर डेव्हलपरचा घोळ, मग सरळ खाली सातव्या मुद्द्यावर जा. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि ती न करता लोक महिनोन्महिने चुकीच्या गोष्टीच्या मागे लागतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी जुनी युक्ती, निगेटिव्ह वर्तमानपत्रावर ठेवा. सगळ्यात गडद भागातून, म्हणजे बहुतेक आभाळातून, खालची छापील अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात वाचता येत नसतील तर निगेटिव्ह जाड, म्हणजे जास्त गडद आहे, आरामात वाचता आली तर पातळ.

२. डायली बघा

आयएसओची, म्हणजे फिल्म उजेडाला किती तयार आहे त्या आकड्याची डायल कुठे आहे? ऐकायला फार साधं वाटतं, पण आधीचा रोल १०० चा होता आणि आता ४०० चा घातलाय किंवा उलट, हे चांगल्या चांगल्यांचं होतं. पातळ निगेटिव्हसाठी आपल्याला उलटा प्रकार शोधायचाय, फिल्म १०० ची आणि डायल ४०० वर, म्हणजे सरळ दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे मीटरच्या आकड्यात कमी-जास्त करायची डायल वेगळी असेल तर तीही बघा, पिशवीत घासून ती आपोआप उणेवर सरकते.

रोलचा डबा स्वतः भरलेला असेल, म्हणजे लांब बल्क फिल्ममधून कापून भरलेला, तर अजून एक भानगड आहे. नव्वदीतले ऑटोमॅटिक कॅमेरे डब्यावरचा काळा-चंदेरी चौकड्यांचा कोड वाचून आयएसओ ठरवतात. जुना ४०० चा डबा वापरून त्यात १०० ची फिल्म भरली असेल तर कॅमेरा बिचारा ४०० च समजणार. डब्यावर कोड नसेल तर बरेच कॅमेरे १०० धरून चालतात. मी भरलेल्या डब्यांवर कोडावर चिकटपट्टी लावते आणि आयएसओ हाताने सेट करता येत असेल तरच तो डबा त्या कॅमेऱ्यात घालते.

३. मीटर कुठे धरला होता?

खरी गोम इथे आहे, म्हणून जरा थांबते.

कॅमेऱ्यातला मीटर समोर काय आहे ते ओळखत नाही. त्याला फक्त किती उजेड परत येतोय तेवढं कळतं, आणि जे काही समोर आहे ते मध्यम करडं आहे असं समजून तो आकडा देतो. काळी म्हैस दाखवा, तो म्हशीला करडी करेल. पांढरी भिंत दाखवा, तीही करडी. आता पावसाळ्यातलं आभाळ आठवा. आपल्या डोळ्यांना ते उदास, अंधारं वाटतं, म्हणून आपण धरून चालतो की आज उजेड कमी आहे आणि सगळीकडे सारखाच आहे. पण ढगाळ आभाळ म्हणजे एक अख्खं पसरलेलं ट्यूबलाइटचं छप्पर असतं, आणि खाली ओली हिरवी झाडी आणि पावसात भिजून काळाकुट्ट झालेला आपला सह्याद्रीचा बेसाल्ट. दोन्हींत केवढा फरक आहे ते डोळ्याला कळतच नाही कारण डोळा क्षणात जुळवून घेतो. फ्रेममध्ये अर्धं आभाळ आलं की मीटर त्या आभाळाचं ऐकतो आणि जमिनीचा बळी जातो.

एक खरं उदाहरण देते. कळव्याचा एक कॉलेजचा मुलगा त्याची निगेटिव्ह घेऊन आला, आम्ही बाल्कनीत उभं राहून बघत होतो. चौदावी फ्रेम, येऊरच्या एका पाड्यातलं कुडाचं घर, मागे डोंगर, वर ढग. घराच्या ओसरीच्या जागी निगेटिव्हवर काहीच नव्हतं, नखाएवढा कोरा चौकोन, त्यातून पलीकडची रेलिंग स्वच्छ दिसत होती. त्याला विचारलं मीटर काय दाखवत होता, म्हणाला एफ/८ ला १/५०० (लेन्सचं छिद्र एफ/८, शटर सेकंदाचा पाचशेवा भाग उघडं), चारशेची फिल्म. मग पुढच्या रविवारी तसंच वातावरण बघून आम्ही परत तिथेच गेलो, घरातल्या आजींना विचारून अंगणात उभे राहिलो आणि एकेका गोष्टीचं वेगवेगळं रीडिंग घेतलं. सगळं एफ/८ ला: नुसतं आभाळ १/१०००, समोरचं गवत १/१२५, ओसरीच्या आतला अंधार १/१५. आता मोजा, १/१५ पासून १/५०० पर्यंत ३०, ६०, १२५, २५०, ५००, पाच स्टॉप झाले. मध्यम करड्यापासून पाच स्टॉप खाली म्हणजे फिल्मवर काहीच उमटत नाही. कॅमेरा त्याचं काम चोख करत होता, त्याला दाखवलंच आभाळ होतं.

मग करायचं काय? ज्या सावलीत तुम्हाला डिटेल हवंय ती सावली आधी निवडा. निवडा हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण हे मीटर ठरवू शकत नाही, तुम्हालाच ठरवायचंय. मला ओसरीतलं दिसायला हवंय का, का ती काळी गेली तरी चालेल? हवं असेल तर जवळ जाऊन, किंवा स्पॉट मीटर (छोट्याशा भागाचाच उजेड मोजणारा) असेल तर लांबून, फक्त त्या सावलीचं रीडिंग घ्या. आलेला आकडा जसाच्या तसा वापरलात तर अंधार करडा होईल, पांढुरका, खोटा दिसेल. म्हणून त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. ओसरी १/१५ होती, तर द्यायचं १/६०. मग ती सावली गडद राहते पण तिच्यात वस्तू ओळखू येतात. झोन सिस्टीममध्ये याला सावली तिसऱ्या झोनवर बसवणं म्हणतात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत बसवली, शून्य ते दहा अशा पायऱ्या, प्रत्येक पायरी एक स्टॉप, मधली पाचवी म्हणजे मीटरचा करडा. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं, बाकीचा पसारा लगेच शिकायची गरज नाही.

१/६० दिल्यावर आभाळ चार स्टॉप वर गेलं, म्हणजे नवव्या झोनवर, जवळजवळ पांढरं. बऱ्याच जणांना इथे भीती वाटते की आभाळ जळेल, आणि म्हणून ते परत एक्स्पोजर कमी करतात. करू नका. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह फिल्म वरच्या बाजूला पुष्कळ सहन करते, आभाळातलं डिटेल निगेटिव्हवर दाट का होईना पण असतं, प्रिंट करताना किंवा स्कॅनमध्ये खाली आणता येतं. सावलीत मात्र जे फिल्मवर आलंच नाही ते जगातला कुठलाही स्कॅनर आणू शकत नाही. डिजिटलवरून आलेल्यांना हे उलटं वाटतं कारण तिथे आधी उजेड जळतो. दुसऱ्या फेरीची ओसरी निगेटिव्हवर आली तेव्हा भिंतीला टांगलेलं सूप आणि खाली उपडी ठेवलेली घागर दोन्ही दिसत होती, आणि आभाळ मी धुताना वेळ जराशी कमी करून सांभाळलं.

जवळ जाता येत नसेल, दरी मध्ये असेल, तर तुमच्या आसपास तशाच उजेडातली तशीच गोष्ट शोधा. समोरच्या डोंगरावरच्या झाडीऐवजी तुमच्या बाजूच्या झाडीचं रीडिंग चालतं, फक्त दोन्हींवर एकसारखा उजेड पडत असला पाहिजे. पारसिक हिलवर संध्याकाळी हेच चुकतं, आपण उभे असतो उन्हात आणि समोरचा उतार सावलीत गेलेला असतो. पांढरा घुमट असलेला हातातला मीटर वापरणाऱ्यांनी पण हेच लक्षात ठेवा, तो तुमच्या डोक्यावर पडणारा उजेड मोजतो, दरीतला नाही.

आणि एवढंही करायला वेळ नसेल, पाऊस येतोय, ढग सरकतायत, तर कॅमेरा खाली झुकवा, फ्रेममधून आभाळ पूर्ण बाहेर जाऊ द्या, जमिनीचं रीडिंग घ्या, ते लॉक करा किंवा मॅन्युअलवर सेट करा, मग वर करून फोटो घ्या. नुसत्या या एका सवयीने माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या निगेटिव्ह सुधारल्या आहेत.

४. मीटर खरं बोलतोय का?

तिसऱ्या मुद्द्यात सांगितल्यासारखं करूनही पातळ येत असेल तर आता मीटरवर संशय घ्यायचा. पैसे अजूनही शून्य. पाऊस उघडल्यावर चांगलं ऊन पडेल त्या दिवशी दुपारी गच्चीवर जा. भर उन्हात एफ/१६ ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याएवढं, चारशेला साधारण १/५००, हा जुना नियम. हात उन्हात धरून फक्त तळव्याचं रीडिंग घ्या, स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नका. तळवा मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून मीटर एफ/१६ ला १/१००० च्या आसपास दाखवेल. आपल्याकडे हवेत धुरकटपणा असतो, त्यामुळे पाऊण-एक स्टॉपचा फरक पडला तर घाबरू नका. पण दोन स्टॉप किंवा जास्त फरक दिसला, विशेषतः मीटर खऱ्यापेक्षा जास्त उजेड दाखवत असेल, तर पातळ निगेटिव्हचं कारण सापडलं. फोनवरच्या मीटर ॲपशी पण ताडून बघा, फक्त दोघांना एकच गोष्ट दाखवा, साधी भिंत उत्तम.

५. सेल

खर्च थोडा, पण फायदा मोठा. साठ-सत्तरच्या दशकातले बरेच कॅमेरे, कॅनन एफटीबी, कॅनोनेट, ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एसआरटी-१०१, पाऱ्याच्या सेलवर चालायला बनवलेले होते. तो सेल १.३५ व्होल्ट द्यायचा आणि संपेपर्यंत तेवढेच द्यायचा. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. आता त्याच आकाराचा जो अल्कलाइन मिळतो तो १.५ व्होल्टपासून सुरू होतो आणि हळूहळू उतरत जातो. जास्त व्होल्ट मिळाले की यातल्या बऱ्याच मीटरांना उजेड जास्त आहे असं वाटतं, ते कमी एक्स्पोजर सुचवतात, आणि निगेटिव्ह पातळ. नवा सेल टाकल्यावर बिघडलं असं कोणी म्हणालं की मी पहिलं हेच विचारते. जुन्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचं सर्किट वेगळं आहे, त्याला हा फरक फारसा जाणवत नाही.

उपाय साधा आहे, कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, निळ्या स्टिकरचा. मोठ्या मेडिकलमध्ये किंवा कानाच्या मशीनच्या दुकानात पाकीट मिळतं. त्याचा व्होल्टेज पाऱ्याच्या सेलच्या अगदी जवळचा आहे. आकाराने लहान असतो म्हणून खोबणीत हलतो, त्याच्या भोवती रबराची रिंग बसवा, कोणी जाड पुठ्ठ्याची गोल पट्टी करतात तीही चालते, फक्त खालचा-वरचा संपर्क अडता कामा नये. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. एकदा स्टिकर काढला की वापरा किंवा वापरू नका, तो काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत संपतो, म्हणून स्टिकरवर तारीख लिहून कॅमेऱ्याच्या केसमध्ये चिकटवते मी.

नायकॉन एफएम, पेंटॅक्स के-१००० वगैरे बटण सेलवाल्यांनी अल्कलाइन एलआर४४ ऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ घ्यावा, तो शेवटपर्यंत सारखा व्होल्टेज देतो. जुन्या खोबणीत हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर सेल काढून कानकोरणीच्या कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पूड आतल्या वायरपर्यंत गेलेली असेल तर तुमचं काम तिथे संपलं, पुढे मेकॅनिक. आणि जुना पाऱ्याचा सेल सापडला तर तो फोडू नका, कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

६. फिल्टर, ट्रायपॉड आणि लांब एक्स्पोजर

लाल फिल्टर तीन स्टॉप खातो, नारिंगी साधारण दोन, पिवळा एक. लेन्समधून मोजणारा मीटर हे आपोआप धरतो खरं, पण लाल फिल्टरमागे बऱ्याच मीटरांची गणितं चुकतात कारण मीटरला लाल रंग जसा दिसतो तसा फिल्मला दिसत नाही. फिल्टर काढून रीडिंग घ्या, स्टॉप हाताने वाढवा. आणि मुळात पावसाळ्यात लाल फिल्टर कशाला लावता? आभाळ पांढरं आहे, निळं नाहीच, तर गडद कुठून होणार, उलट हिरवी झाडी काळी ठिक्कर पडते. लाल-नारिंगी ऑक्टोबरच्या निळ्या आभाळासाठी ठेवा, श्रावणात पिवळा किंवा पिवळट-हिरवा.

ट्रायपॉडवर कॅमेरा लावून आपण मागे सरकतो तेव्हा डोळ्याच्या काचेतून मागचा उजेड आत शिरतो आणि मीटर फसतो. तिथे बोट नाहीतर टोपी धरा.

संध्याकाळी खाडीवर, वाशी पुलाजवळ किंवा पाम बीचच्या कडेने पाणी गुळगुळीत करायला लांब एक्स्पोजर देणाऱ्यांसाठी: एक सेकंदाच्या पुढे फिल्म आळसावते. मीटरने सांगितलेला वेळ पुरत नाही. इल्फर्ड एचपी५ ला मीटर १० सेकंद म्हणाला तर २० द्यावे लागतात, ३० म्हणाला तर जवळजवळ दीड मिनिट. फोमापॅन १०० तर फारच मागते, १ सेकंदाला २ आणि १० ला ८०. प्रत्येक फिल्मचा तक्ता कंपनीने दिलेला असतो, तो फोनमध्ये ठेवा. रोलमध्ये फक्त तिन्हीसांजेच्याच फ्रेम पातळ असतील तर कारण बहुतेक हेच.

७. धुण्याची बाजू

कडेची अक्षरंही फिकी होती तर इथे या. नवीन रोल टाकायच्या आधी फिल्मच्या सुरुवातीचा जो तुकडा उजेडात आलेलाच असतो त्यातला इंचभर कापा आणि उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवा. काही मिनिटांत तो कोळशासारखा काळा झाला पाहिजे. नुसता करडा राहिला तर डेव्हलपर मेलेला आहे. अर्धी रिकामी बाटली, रंग चहासारखा, अशी स्थिती असेल तर हा प्रयोगही न करता ओतून द्या.

तापमानाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. तक्ते बहुतेक २० अंशांचे असतात आणि मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० च्या वर जातं. गरम डेव्हलपरने निगेटिव्ह पातळ होत नाही, जाड होते, आभाळ ठोकळ्यासारखं बंद होतं. म्हणजे पातळची तक्रार असेल तर गरम पाण्याला दोष देऊ नका. पण ते नीट करायचंच आहे, मी बादलीत बर्फाची पिशवी टाकून डेव्हलपर २० ते २४ च्या मध्ये आणते आणि दर अंशाला साधारण दहा टक्के वेळ कमी करते. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला तर धुणं असमान होतं, मग अजून थंड करा किंवा डेव्हलपर जास्त पातळ करून घ्या.

निगेटिव्ह दुधाळ दिसत असेल तर तो फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं रसायन) संपल्याचा प्रकार, ताज्या फिक्सरमध्ये परत टाकली की बहुतेक वेळा स्वच्छ होते.

८. एक रोल खर्च करा

रोल स्वस्त राहिलेले नाहीत, म्हणून हे इतकं खाली ठेवलंय. पण इथपर्यंत येऊनही उत्तर नसेल तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे करा. एकच दृश्य, ढगाळ दिवस, उपवनच्या काठावरून पलीकडचा येऊरचा डोंगर असं काहीही, ज्यात आभाळ, हिरवळ आणि एक खोल सावली आहे. सावलीचं रीडिंग घेऊन दोन स्टॉप कमी केलेली फ्रेम, मग त्याहून एक जास्त, दोन जास्त, एक कमी, दोन कमी. वहीत प्रत्येकाचा आकडा लिहा, लक्षात राहील म्हणून सोडू नका, राहत नाही. तुम्ही नेहमी वापरता तोच डेव्हलपर, तोच वेळ. कुठल्या फ्रेममध्ये सावलीत पहिल्यांदा नीट डिटेल दिसतं ते शोधा. ते एक स्टॉप जास्तवाल्या फ्रेममध्ये असेल तर तुमच्या कॅमेऱ्यात, तुमच्या धुण्यात ती ४०० ची फिल्म खरी २०० ची आहे, डायल कायमची तिथे ठेवा. खूप जण एचपी५ असंच २०० किंवा ३२० वर वापरतात. मात्र तिसरा मुद्दा न सुधारता नुसती डायल २०० वर केलीत तर आभाळ दाखवणं चालूच राहील आणि एका स्टॉपने ते भरून निघणार नाही.

९. शटर आणि पाती, आणि इथे थांबा

लोक ज्याला आधी दोष देतात ते मी शेवटी ठेवलंय आणि त्याला कारण आहे. जुनं शटर वंगण सुकल्यामुळे बहुतेक वेळा हळू होतं. हळू झालं की उजेड जास्त जातो आणि निगेटिव्ह जाड येते. डायफ्रामच्या, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर तेल आलं, आपल्या उकाड्यात आणि दमटपणात ते येतंच, की पाती वेळेत बंद होत नाहीत, परत उजेड जास्त. म्हणजे म्हातारा कॅमेरा थकला तर सहसा निगेटिव्ह जाड व्हायला हवी, तुमची पातळ आहे. अपवाद एक, वरच्या स्पीडला, १/५०० किंवा १/१००० ला, शटरच्या दोन पडद्यांमधली फट एका बाजूला मिटत जाते, मग फ्रेमची एक बाजू नेमाने गडद छापली जाते. तसं दिसत असेल तरच पुढे वाचा.

कॅमेरा रिकामा करून मागचं झाकण उघडा, खिडकीतून आभाळाकडे धरा, ट्यूबलाइट किंवा एलईडीकडे नको कारण ते लुकलुकतात. १/१००० वर शटर मारा आणि मागून बघा, पूर्ण चौकोन एकसारखा चमकला पाहिजे. हळू स्पीड फोनच्या स्लो मोशनने मोजता येतात, सेकंदाला २४० फ्रेमचं रेकॉर्डिंग असेल तर १/१५ ला शटर साधारण १६ फ्रेम उघडं दिसायला हवं, १/३० ला ८. लेन्स काढून एफ/१६ वर ठेवून मागची छोटी दांडी हलवा, पाती खटकन जागेवर यायला हवीत, आणि त्यांच्यावर चकाकी दिसली तर ते तेल.

बस, एवढंच बघायचं, हात लावायचा नाही. शटरच्या पडद्याला बोट लावू नका, तो कागदापेक्षा नाजूक असतो. शटर मोकळं व्हावं म्हणून कोणी शिलाई मशीनचं तेल सोडलेला एक कॅमेरा मी बघितलाय, ते तेल पडद्यापासून लेन्सपर्यंत पसरलं आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीवर गेला. गंज सोडवायचे स्प्रे तर अजिबात नाही. फ्लॅश असलेला छोटा कॅमेरा घरी उघडू नका, सेल काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका बसेल एवढी वीज राहते.

मेकॅनिककडे कधी जायचं ते स्पष्ट सांगते: मीटरची सुई योग्य सेल टाकूनही उड्या मारते किंवा एका जागी अडकते, तळव्याच्या चाचणीत दोन स्टॉपपेक्षा जास्त चूक आहे, फोटोची एकच बाजू गडद येते, पात्यांवर तेल आहे, किंवा टॉर्च मारल्यावर लेन्सच्या आत जाळ्यासारखी बुरशी दिसते. यातलं एकही असेल तर पुढचा रोल वाया घालवू नका. फोर्टात सीएसएमटीसमोरच्या गल्ल्यांत अजूनही जुने कॅमेरे हाताळणारे लोक बसतात, ठाण्याहून फास्ट लोकलने तासाभरात जाऊन होतं. जाताना नुसता कॅमेरा नेऊ नका, लेन्स, वापरत असलेला सेल आणि त्या टेस्ट रोलची निगेटिव्ह सोबत घ्या, म्हणजे त्यांना पण अंदाज करावा लागत नाही. शटरचे सगळे स्पीड टेस्टरवर मोजून आकडे कागदावर लिहून मागा, आणि मीटर एकदा भर उजेडात आणि एकदा कमी उजेडात असा दोन ठिकाणी तपासून द्यायला सांगा, कारण उन्हात बरोबर आणि ढगात चूक असे मीटर असतात, आणि जानेवारीत चांगला चाललेला कॅमेरा जुलैत दगा देतो त्याचं कारण कधीकधी ते असतं.